फॅन चालू, ओल तशीच

घरातली ओल कुठून येते ते शोधणं हे माझं काम, पण भाड्याच्या फ्लॅटची केस असली की ओल मोजायचा मीटर बाहेर काढायच्या आधी भांडण ऐकावं लागतं. ही केस पण तशीच. बाथरूमचं सीलिंग काळ्या ठिपक्यांनी भरलेलं, भाडेकरू ताई म्हणतायत वरच्या फ्लॅटचं पाणी झिरपतंय, आणि मालक काका म्हणतायत हे लोक दार-खिडकी बंद ठेवून गरम पाण्याने अंघोळ करतात, दुसरं काय होणार! दोन वेळा पेंट मारून दिला म्हणे. बुरशीवरून पेंट मारला तर ती पेंटमधून वर येणारच, पण ते तेव्हा बोललो नाही.

आधी खालची भिंत बघितली. लोणा (ओलीमुळे भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार) नाही, पोपडे नाहीत, मीटर लावला तर कोरडी. म्हणजे पाइप किंवा टाइल्सच्या जॉइंटमधून ओल येत नव्हती. मग एक्झॉस्ट फॅन. जाळीला टिश्यू पेपर लावला, पटकन चिकटला. काका लगेच, बघा फॅन चांगला आहे! ताईंचं तोंड उतरलं. पण पेपर चिकटला म्हणजे फॅन हवा ओढतोय एवढंच कळतं हो, ती पुढे जाते कुठे ते नाही कळत.

फॉल्स सीलिंगचं झाकण उघडलं आणि टॉर्च मारला तर फॅनचा डक्ट, म्हणजे हवा बाहेर नेणारा पाइप, निखळून तिथेच पडलेला. रोजच्या अंघोळीची सगळी वाफ बाहेर न जाता सीलिंगच्या पोकळीत, आणि थंड स्लॅबला लागून तिचं पाणी होऊन फॉल्स सीलिंगच्या जिप्सम बोर्डवर. बोर्डची मागची बाजू तर खालच्यापेक्षा काळी, कारण त्याच्यावर कागद असतो आणि बुरशीला ओला कागद मिळाला की अजून काय पाहिजे. वरच्या फ्लॅटकडून थेंब पण येत नव्हता. ताई बिचाऱ्या इमानदारीत फॅन लावून ठेवायच्या आणि जितका जास्त लावतील तितका बोर्ड जास्त भिजायचा, मला तर हसावं की रडावं कळेना.

एक गोष्ट मात्र ऐकून मी घाबरलोच, ताईंनी वैतागून ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिडवालं क्लीनर एकत्र करून घासलं होतं आणि नंतर बराच वेळ खोकत बसल्या. त्यातून क्लोरीन गॅस निघतो, बंद बाथरूममध्ये तर फारच डेंजर. टाइल्सवरची बुरशी नुसत्या साबणाच्या पाण्याने घासली तरी निघते, बोर्डची मात्र निघत नाही, तो कापूनच काढावा लागतो.

रिपोर्टमध्ये लिहिलं, डक्ट बाहेरपर्यंत नीट जोडणं आणि बोर्ड बदलणं मालकाकडे, अंघोळीनंतर भिंती पुसणं आणि फॅन थोडा वेळ चालू ठेवणं भाडेकरूकडे. काका म्हणाले, डक्ट जोडतो, पण बोर्डवर अँटीफंगल पेंट मारला तर नाही का चालणार? मी बोर्डचा एक तुकडा कापून त्यांच्या हातात दिला, तो दाबल्यावर बोटात चुरला. मग म्हणाले बरं, बदलू.