नवतप्यातली टक्

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, दुपारी आमच्या घरात दोनच आवाज असतात, कूलरची घरघर आणि फ्रीजची टक्. यवतमाळकडच्या आमच्या गावी पारा ४५ अंशांच्या पुढे सरकला, की ही टक् दर चार-पाच मिनिटांनी ऐकू येते आणि फ्रीजमधले लोणी वाटीतच पातळ होते. गेल्या उन्हाळ्यात कम्प्रेसर गेला असे समजून मी नव्या फ्रीजसाठी पैशांची जुळवाजुळवही सुरू केली होती.

तालुक्याहून आलेल्या मिस्त्रीने आधी मीटर लावला. व्होल्टेज १६५ होते. "काकू, कम्प्रेसर शाबूत हाये जी. त्याले उठाले ताकदच नाही भेटून राहिली." २३० व्होल्टवर चालणारी मोटर कमी दाबात उठायची धडपड करते, तेव्हा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढून तापते, मग तिला चिकटलेल्या ओव्हरलोडमधली दोन धातूंची चकती वाकून वीज तोडते आणि निवली की पुन्हा जोडते. म्हणजे ती टक् राखणदाराची होती! मोटर सुरू करून देणारा रिले तेवढा जळाला होता, तो त्याने बदलला आणि स्टॅबिलायझर लावायला सांगितले. लाईन जाऊन लगेच आली, तरी चार-पाच मिनिटे फ्रीज बंदच ठेवायचा, कारण नळ्यांमधल्या गॅसचा दाब समान झाल्याशिवाय मोटर सुरू होत नाही.

मग त्याने फ्रीज भिंतीपासून ओढला आणि मी ओशाळले. चांगल्या भावाच्या आशेने माघापर्यंत त्याच खोलीत राखलेला कापूस कधीच विकला गेला होता. त्याचे तंतू मात्र मागच्या काळ्या जाळीवर रजईसारखे बसले होते. फ्रीज आतली उष्णता उपसून याच जाळीतून खोलीत टाकतो. खोलीच चाळीस अंशांवर असताना तिला बाहेर पडणे आधीच जड, त्यात आम्ही तापकऱ्याला पांघरूण घातलेले. (नव्या फ्रीजना अनेकदा अशी जाळी नसते, त्यांच्या कुशी तापतात, त्यांवरून क्रोशाचे कव्हर लोंबू देऊ नये.) प्लग काढून मी रंगाच्या जुन्या ब्रशाने जाळी झाडली, तेव्हा सुपभर कापूस निघाला.

दिवाळीनंतर कापूस पुन्हा त्याच खोलीत येईल, कारण दुसरी खोली नाही. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे सरकवला आहे आणि ब्रश त्याच्याच डोक्यावर ठेवला आहे.