बॉल पायथनचं पिल्लू रात्रभर टबचं झाकण का ढकलतं?

प्लास्टिकच्या टबमध्ये पाळलेलं, दिवसभर वेटोळं घालून पडलेलं पिल्लू रात्री अकराला बाहेर येतं आणि झाकणाच्या फटीत नाक खुपसत बसतं. भूक लागली असेल म्हणून लोक लगेच उंदीर काढतात. बॉल पायथन, म्हणजे घरात पाळला जाणारा छोटा आफ्रिकी अजगर, निशाचर आहे, रात्री फिरणारच. पण हेच रोज, तासन् तास, नाकपुडीजवळचे खवले घासले जाईपर्यंत चाललं असेल, तर पुण्याच्या डिसेंबरात आधी थर्मामीटर बघावा. फरशी पहाटे बर्फासारखी लागते तेव्हा आपण गोधडी ओढतो. सापाला स्वतःची ऊब तयार करता येत नाही.

गरम बाजूच्या तळाशी ३१ ते ३२ अंश आणि थंड बाजूला २५-२६ अंश तापमान हवं. खोलीचं नाही, टबमधलं. तेही बिछान्यावर मोजून चालत नाही: पिल्लू भुसा उकरून थेट तळावर जाऊन बसतं, म्हणून भुसा बाजूला सारून उघड्या तळावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरायचा. हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, टबच्या खाली, साधारण एक तृतीयांश भागाखाली. तापमान नेमकं राखणाऱ्या थर्मोस्टॅटचा प्रोब (ऊब मोजणारं टोक) मॅट आणि टबच्या मध्ये पक्का बसवायचा. तो निसटला की थर्मोस्टॅटला वाटतं अजून गारच आहे, मॅट पूर्ण तापते आणि पोट भाजेपर्यंत पिल्लू तिथून हलत नाही. एक गोष्ट सांगून ठेवतो: टबच्या आत चिकटपट्टी कधीच लावू नका. ती कातडीला चिकटली की सोडवताना खवले निघतात.

ऊब कमी पडली की पोटातला उंदीर पचत नाही आणि दोन-तीन दिवसांनी उलटून पडतो. त्यानंतर लगेच दुसरा देणं ही सर्वात महागात पडणारी चूक. पाणी ठेवा, तापमान दुरुस्त करा, १० ते १४ दिवस काही देऊ नका. मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य द्या. पुन्हा उलटलं तर प्राण्यांचे डॉक्टर.

न खाणं ही सर्वात मोठी तक्रार आणि बहुतेक वेळा सर्वात छोटी अडचण. नवीन घरी आलेल्या पिल्लाला आठवडाभर हातसुद्धा लावू नये. भक्ष्य त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे ७० ग्रॅमच्या पिल्लाला ७ ते १० ग्रॅमचं, दर पाच-सात दिवसांनी. याच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात. गार उंदीर त्याला कळतच नाही. फ्रोझन उंदीर पूर्ण वितळवून, पिशवीत घालून गरम पाण्यात ३८-४० अंशांवर आणा, लांब चिमट्याने धरा. मायक्रोवेव्ह नको, फुटतो. जिवंत उंदीर टबमध्ये सोडून झोपायला जाऊ नका, तोच सापाला कुरतडतो. स्वयंपाकघरातल्या १ ग्रॅम अचूकतेच्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा. दोन-तीन आठवडे खाल्लं नाही पण वजन टिकून आहे, तर साप साप म्हणून भुई धोपटू नका. वजन १० टक्क्यांनी घटलं, तर वाट न बघता डॉक्टर गाठा.

डोळे दुधाळ निळे, रंग मळकट, हात नेला की फुत्कार: कात येतेय. या काळात खायला देऊ नका, हाताळू नका. डोळे पुन्हा स्वच्छ झाल्यावर काही दिवसांत कात पडते. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी आर्द्रता ५५-६५ टक्के राखणं अवघड जातं. ओलसर मॉस (शेवाळ) भरलेला, भोक पाडलेला डबा आत ठेवा. कात तुकड्यातुकड्यांनी निघाली तर डोळ्यांवर राहिलेली कातीची टोपी नखाने काढू नका.

पाण्याच्या भांड्यात तासन् तास बसलेलं पिल्लू उकाड्याने, कोरडेपणाने किंवा गोचिडांसारख्या बारीक माइट्सने बसतं. ओल्या पांढऱ्या टिश्यूने हनुवटी आणि डोळ्यांच्या कडा पुसा. काळे ठिपके चालू लागले तर माइट्स. भुसा फेकून कागद अंथरा, औषध डॉक्टरांकडूनच घ्या. घरातला झुरळांचा स्प्रे सापाच्या मज्जासंस्थेवर घाव घालतो.

डोकं उंच करून इकडेतिकडे बघणं निव्वळ कुतूहल. डोकं मागे वळून छताकडे लागलं, उताणं केल्यावर पिल्लाला सरळ होता येईना, तर तो वेगळा मामला. स्पायडर नावाच्या रंगप्रकारातल्या बॉल पायथनमध्ये डोकं डुलणं जन्मजात असतं. इतरांत ते अचानक सुरू झालं, तर अतिउष्णता, विषबाधा किंवा संसर्ग, आणि त्याच दिवशी उपचार. पावसाळ्यात उघडं तोंड, शिट्टीसारखा श्वास, तोंडाशी बुडबुडे दिसले तरी तेच. गारठा आणि ओल एकत्र आली की फुप्फुसं धरतात.

डॉक्टरांना आधी फोनवर विचारा, साप बघता का? सगळे बघत नाहीत. जाताना पिल्लू कापडी पिशवीत, पिशवी थर्माकोलच्या खोक्यात, शेजारी टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. तापमान, वजन आणि शेवटच्या खाण्याची तारीख लिहिलेली वही आणि केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर केलेल्या सापाच्या नोंदणीची प्रतही सोबत असू द्या. पुण्यात कात्रजच्या प्राणीसंग्रहालयात दिसतो तो भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाळताच येत नाही, त्यामुळे खोक्यात नेमकं काय आहे हे वाटेत कोणी विचारलंच तर कागद हाताशी हवा.