सुटी होणारी स्क्रीन आणि माझे हिशेब

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात हिशेब लिहायचं काम करते. तालुक्यातल्या वीटभट्ट्या, भाताच्या गिरण्या, एखादी सोसायटी आणि हद्दीपलीकडे चंदगड भागातले काजूवाले, ही माझी गिऱ्हाइकं. इकडच्या कर्नाटकातल्यांचा जीएसटी नंबर २९ ने सुरू होतो, तिकडच्या महाराष्ट्रातल्यांचा २७ ने. रिटर्न भरायची महिन्याची ११ आणि २० तारीख मात्र दोन्हीकडे सारखीच उरावर बसते. निम्मं काम घरच्या टेबलावर होतं आणि निम्मं लोकांच्या दारात.

जुना पंधरा इंची लॅपटॉप विंडोज १० वर होता. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला मायक्रोसॉफ्टकडून नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत हे आधीच जाहीर झालं होतं, आणि त्याचा प्रोसेसर इतका जुना की विंडोज ११ त्याच्यावर रीतसर चढत नव्हतं. लोकांच्या बँकेचे कागद, पॅन, पासवर्ड सगळं माझ्या मशीनमध्ये असतं, तेव्हा नवीन घेणं टाळता येण्यासारखं नव्हतं. प्रश्न एवढाच, की पुन्हा तसलाच घ्यायचा की स्क्रीन काढून टॅबलेटसारखा वापरता येतो तो घ्यायचा.

बेळगावात खडेबाजार, कॉलेज रोड करत दुकानं पालथी घातली. 'टू इन वन' म्हटलं की बहुतेक ठिकाणी ३६० अंशात मागं दुमडणारा लॅपटॉप पुढ्यात ठेवत. तो वेगळा प्रकार. त्याचा कीबोर्ड कुठं जात नाही, नुसता पाठीमागं जातो, आणि हातात धरायचं वजन सगळंच्या सगळं राहतं, सव्वा-दीड किलो. पाच मिनिटं एका हातात धरून उभी राहिले आणि तो विषय मी तिथंच मिटवला. मला हवा होता तो खरोखर सुटा होणारा : मागं स्टँड असलेली जाड पाटी, तिला चुंबकानं चिकटणारा पातळ कीबोर्ड. मायक्रोसॉफ्टचा सरफेस प्रो त्यातला सगळ्यात ओळखीचा. तिसरा पर्याय म्हणजे अँड्रॉइड टॅब किंवा आयपॅड, वर कीबोर्डचं कव्हर. पण टॅली, म्हणजे आमचा हिशेबाचा प्रोग्राम, विंडोजशिवाय बसत नाही, त्यामुळे मुख्य मशीन म्हणून ते दोन्ही माझ्या कामाचे नव्हते.

दुकानात दहा मिनिटं बोट फिरवून काही कळत नाही. सगळंच गुळगुळीत असतं, सगळंच उघडतं. नशिबानं शिमग्याला पुण्याहून आलेल्या भाच्याकडे असलाच एक होता. "मावशी, मार्चएंडपर्यंत ठेव तुझ्याकडं, मला ऑफिसनं दुसरा दिलाय," म्हणाला. ३१ मार्चच्या आसपास माझी स्टॉक मोजायची धांदल असते. यापेक्षा चांगली परीक्षा कुठली असणार!

पहिल्यांदा भट्टीवर नेला. मार्चअखेर म्हणजे भट्टीचा ऐन हंगाम. कच्ची वीट वेगळी, पक्की वेगळी, तुकडा वेगळा, आणि प्रत्येकाच्या थप्प्या मैदानभर. आजवर मी हे पॅडवर कागद लावून मोजायची आणि रात्री घरी येऊन एक्सेलमध्ये भरायची. या वेळी मालकाच्या समोरच स्क्रीन ओढून कीबोर्डापासून वेगळी केली. ते दचकलेच. "अक्का, मोडलासा की ओ!" मग मागच्या वर्षीची यादी उघडून त्याच्यावरच पेननं आकडे लिहीत थप्पीथप्पीनं फिरले. तळहात स्क्रीनवर टेकला तरी रेघा उमटत नव्हत्या. आणि ज्या गोष्टीचा मी आधी विचारच केला नव्हता ती सगळ्यात उपयोगी पडली : मागचा कॅमेरा. लॅपटॉपला असतो तो नुसता तोंड दाखवायचा. इथं कोळशाची, भुशाची, डिझेलची बिलं जागेवरच टिपून सरळ त्या गिऱ्हाइकाच्या फोल्डरमध्ये टाकता आली. मोबाइलवर फोटो काढून ते रात्री शोधत बसायचं, त्यात भाच्याच्या लग्नाचे फोटो मध्ये येणार, हा प्रकारच संपला.

दुपारी ऊन चढलं तशी दुसरी बाजू दिसली. काचेची चकाकणारी स्क्रीन, तिच्यात आकड्यांपेक्षा माझाच चेहरा स्वच्छ. उजेड पूर्ण वाढवला तर बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. शिवाय या मशिनांत प्रोसेसर, बॅटरी, सगळा ऐवज स्क्रीनच्याच मागं कोंबलेला असतो. पाठ तापली की ते स्वतःहून हळू चालायला लागतं. भट्टीच्या शेडमध्ये सावलीला जाऊन थांबावं लागलं. आणि विटेची धूळ! कीबोर्ड जिथं चिकटतो तिथं छोट्या पितळी टिकल्यांची ओळ असते. तिच्यात धूळ बसली की कीबोर्ड मध्येच गप्प. कोरड्या मऊ फडक्यानं पुसलं की पुन्हा सुरू. फार मोठी गोष्ट नाही, पण बॅगेत फडकं ठेवायची सवय लावून घ्यावी लागली.

चंदगडकडच्या काजूच्या कामातही हाच फायदा. बीची पोती मोजायची, मग गराचे डबे प्रतीप्रमाणे, डब्ल्यू २४० किती, डब्ल्यू ३२० किती, तुकडा किती. तिथं उन्हाचा त्रास नव्हता, सगळं आतच. उभ्यानं, एका हातात धरून, अशा कामाला मी याला पैकीच्या पैकी देते. स्क्रीन उभी धरली की ए४ कागदाचं अख्खं पान जवळजवळ खऱ्या आकारात दिसतं, कारण ती रुंद-बुटकी नसून ३:२ अशा मापाची असते. ताळेबंद वाचायला हे फार सुखाचं.

आता सोसायटीतली गत. तिथं मला टेबल मिळत नाही, भिंतीकडेचं लाकडी बाकडं मिळतं, मशीन मांडीवर. साध्या लॅपटॉपचं वजन खालच्या बाजूला असतं म्हणून तो मांडीवर निवांत बसतो. इथं उलट : सगळं वजन वर, खाली नुसता पुठ्ठ्याएवढा कीबोर्ड. ती पाटी उभी राहते मागच्या स्टँडवर, आणि स्टँड, स्क्रीन, कीबोर्ड मिळून जी लांबी होते ती माझ्यासारख्या बुटक्या बाईच्या मांडीत मावत नाही. स्टँडची कड गुडघ्याच्या वर रुतते, जरा हललं की स्क्रीन पलीकडे कलंडायला बघते. शेवटी मुलाचं परीक्षेचं पॅड मांडीवर घेतलं, वर मशीन ठेवलं, तेव्हा कुठं जमलं. बसमध्ये तर विचारूच नका. ११ जून २०२३ ला शक्ती योजना सुरू झाली तेव्हापासून आम्हा बायकांना कर्नाटकच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही, त्यामुळे खानापूर-बेळगाव गाडीत पाय ठेवायला जागा मिळाली तर नशीब. (हद्द ओलांडून महाराष्ट्राच्या एसटीत बसलं की अर्धं तिकीट. दोन राज्यांच्या मध्ये राहण्याचे हे एवढेच लाभ.) अशा गर्दीत स्क्रीन सुटी करून नुसतं वाचता येतं, तेवढंच.

घरच्या टेबलावर टॅली उघडली आणि खरी रडकथा सुरू झाली. आम्हा हिशेबवाल्यांची बोटं डोळे मिटूनही चालतात : एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. या पातळ कीबोर्डावर तीच बटणं आवाज आणि उजेड कमी-जास्त करायला दिलेली. सेल्सचं व्हाउचर घालायला जावं आणि भलतंच काहीतरी व्हावं. फंक्शनचं बटण कायमचं लॉक करता येतं हे भाच्यानं फोनवर सांगितलं, ते झालं. पण उजवीकडचा आकड्यांचा ठोकळाच नाही त्याला काय करणार? शे-दीडशे बिलं वरच्या ओळीतल्या आकड्यांनी भरणं म्हणजे उजव्या हाताला शिक्षा. यूएसबीचा सुटा नंबरपॅड हजाराच्या आत मिळतो, तो आणला. तो लावायला मशीनला जुन्या रुंद तोंडाची यूएसबी नाही, नुसत्या टाइप-सीच्या जागा, तेव्हा कनेक्टर आणला. मग माउस. हळूहळू सुटसुटीत म्हणून घेतलेल्या वस्तूभोवती वायरींचं जाळं झालं.

कागद काढायचं म्हणाल तर, कन्नड अर्ज आणि मराठी चिठ्ठ्या दोन्ही मी विंडोजच्याच कीबोर्डवर टाइप करते. त्यात अडचण आली नाही. स्क्रीनवरच्या कीबोर्डनं मात्र अर्धी स्क्रीन झाकली जाते, दोन ओळींपलीकडे तो नको.

मशीन भाच्याला परत केलं आणि वहीत तीन रकाने पाडले. कुठला फायदा, कुठला तोटा असे नव्हे. मी कुठलं काम उभ्यानं करते, कुठलं टेबलाशी आणि कुठलं मांडीवर, याचे. मांडीवरचं काम वाटलं होतं त्यापेक्षा बरंच कमी निघालं. उभ्याचं जास्त. तिथं माझं मन झुकलं.

एक सल्ला सगळेच देत होते : साधा लॅपटॉप घे, जोडीला एक पेनवाला अँड्रॉइड टॅब घे, दोन्ही मिळून स्वस्त पडतं. पडतं खरंच. पण मग टॅबवरचे फोटो आणि याद्या लॅपटॉपवर आणायच्या कशा? जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात नेटवर्क आज असतं, उद्या नसतं. क्लाउडवर भरवसा ठेवून २० तारखेला बसणं माझ्या प्रकृतीला मानवणारं नाही. भट्टीवर भरलेली यादी घरी त्याच मशीनमध्ये असणं, याचे मी जास्त पैसे मोजायला तयार झाले. ज्याचं फिरणं शहरातच आहे त्यानं मात्र दोन वेगळ्या वस्तू घ्याव्यात, असंच मी सांगेन.

ठरल्यावरही खरेदी सरळ नव्हती. स्वस्तातले सुटे होणारे लॅपटॉप दिसायला तसेच असतात, आत ४ जीबी रॅम आणि ६४ किंवा १२८ जीबीची संथ साठवण. रॅम बोर्डलाच डाग देऊन बसवलेली, नंतर वाढवता येत नाही. त्यातले काही 'एस मोड'मध्ये येतात, म्हणजे फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलीच ॲप चालणार. त्यातून बाहेर पडणं फुकट असतं, पण हे माहीत नसेल तर टॅली का बसत नाही म्हणून डोकं धरून बसाल. महागातल्या नव्यांत स्नॅपड्रॅगनची चिप असते. बॅटरी टिकते, तापतही कमी. नेहमीचे प्रोग्राम तिच्यावर बहुतेक चालतात, पण ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली वस्तू चालवणारा छोटा प्रोग्राम, त्या चिपसाठी खास केलेलाच लागतो. जुना प्रिंटर आणि कंपन्यांच्या डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, दोन्हींचं घोडं तिथं अडू शकतं. दुकानातल्या पोरानं "सगळं चालतंय मॅडम" म्हटलं. मी टोकन पर्समधून काढून "लाव बघू" म्हटलं. तो आत गेला तो मॅनेजरला घेऊनच आला. टोकन काही लागलं नाही. मी इंटेलचा घेतला, १६ जीबी रॅमचा.

किंमत विचारताना एक धरून चाला : जाहिरातीतल्या फोटोत कीबोर्ड असतो, पेन असतं, खोक्यात पुष्कळदा दोन्ही नसतात. नावाजलेल्या कंपनीचा नुसता कीबोर्ड दहा हजारांच्या वर जातो. वजनाचंही तसंच, पाटी नऊशे ग्रॅम, कीबोर्ड तीनशे, चार्जर वेगळा. बॅग हलकी झाली, पण जाहिरातीत होते तेवढी नाही. खरेदी मी एप्रिल लागल्यावर केली, कारण संगणकावर ४० टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी आयकरात वजावट, मिळतो, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या वस्तूला त्याच्या निम्माच. गिऱ्हाइकांना हे सांगून सांगून तोंड दुखतं, निदान स्वतः तरी पाळावं.

दुरुस्तीची धास्ती अजून आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी आमच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्यानं चहा संपायच्या आत बदलली होती. त्यालाच हा दाखवला तर हातात घेऊन उलटसुलट करून म्हणाला, "ह्येला स्क्रू कुठं हाय ओ? काच तापवून उचलायला लागणार. फुटली तर माझ्या गळ्यात." म्हणून पहिल्या दिवशीच जाड कव्हर आणि अपघाताचं वाढीव संरक्षण घेतलं. पावसाळ्यात कीबोर्डच्या कापडी पाठीवर बुरशीचा पांढरट थर आला होता, तो पुसून आता तो गोदरेजच्या कपाटात ठेवते.

कचेरीजवळ बसणारे आमच्या गल्लीतले एक बाँड रायटर आहेत. माझं मशीन बघून त्यांनाही तसलंच हवं झालं. मी विचारलं, "काका, दिवसभरात खुर्चीवरून किती वेळा उठता?" ते हसले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका जागी बसून कन्नडमध्ये खरेदीपत्रं टाइप करायची आणि छापायची, हे त्यांचं काम. त्यांना मोठ्या बटणांचा साधा पंधरा इंची लॅपटॉप घ्यायला लावला. उरलेल्या पैशांत त्यांचा लेझर प्रिंटर आला, आणि आता माझेही कागद तिथंच छापून होतात.