किंग्ज रोडवरचं उलटं घड्याळ

लंडनच्या किंग्ज रोडवर ४३० नंबरच्या दुकानावर एक भलंमोठं घड्याळ आहे. त्याच्यावर तेरा आकडे आहेत आणि काटे उलटे फिरतात. मावशीने मान वर करून ते बघितलं, मग मनगटावरचं बघितलं आणि म्हणाली, "बिघडलंय गं. कुणी दुरुस्त कसं करत नाही?"

मावशी बहात्तर वर्षांची. १९७५ साली लग्न होऊन डोंबिवलीहून थेट लंडनच्या हॅरो उपनगरात आली. जवळजवळ पन्नास वर्षं लंडनमध्ये काढली, पण चेल्सीच्या या टोकाला कधी आली नव्हती. "इकडे आपलं काय काम?" मला मात्र काम होतं. बारावीत असताना मैत्रिणीच्या भावाने पंकची, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या बंडखोर रॉक संगीताची, एक कॅसेट दिली होती. कॉपीवरून कॉपी करत आमच्यापर्यंत आलेली, त्यामुळे निम्मी खरखर. कोण गातोय, काय गातोय, काही कळत नव्हतं. तो चिडलाय एवढं मात्र कळत होतं, आणि त्या वर्षी मला तेवढं पुरलं. ती कॅसेट पुढे कुठे गेली देव जाणे.

सकाळी आम्ही टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरलो होतो. चेरिंग क्रॉस रोडवर आज फॉइल्सचं पुस्तकांचं भव्य दुकान आहे, तिथे आधी सेंट मार्टिन्स हे कलामहाविद्यालय होतं. ६ नोव्हेंबर १९७५ ला सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा पहिला कार्यक्रम या कॉलेजात झाला. चार-पाच गाणी झाली नाहीत तोच प्लग काढला गेला. मावशी तोवर पाकशास्त्राच्या कपाटाशी पोचली होती.

कोपऱ्यावरून वळलं की डेन्मार्क स्ट्रीट. जेमतेम शंभर पावलांची गल्ली, दोन्ही बाजूंना गिटारची दुकानं. सहा नंबरचं घर सतराव्या शतकाच्या अखेरचं. त्याच्या मागच्या पडवीवजा इमारतीत बँडची पोरं तालीम करायची, काही जण राहायचीसुद्धा. तिथल्या भिंतींवर बँडचा गायक जॉन लायडन, म्हणजे जॉनी रॉटन, याने सोबत्यांची आणि मॅनेजरची व्यंगचित्रं काढून ठेवली. सुबक वगैरे अजिबात नाहीत. वर्गात मागच्या बाकावर बसून मास्तरांचं काढावं तशी. २०११ मध्ये दोन पुरातत्त्वज्ञांनी त्या चित्रांवर एका नामांकित नियतकालिकात रीतसर शोधनिबंध लिहिला. २०१६ मध्ये सरकारने या घराचा वारसा दर्जा वाढवून ग्रेड टू स्टार केला, आणि त्यामागे ही चित्रंही होती. आता ती जागा एका आलिशान हॉटेलकडे आहे. पैसे मोजा आणि बंडखोरीच्या शेजारी झोपा. आम्ही बाहेरूनच बघितलं.

"भिंत खराब केली म्हणून तुला मी किती मारलं होतं, आठवतं?" मावशी म्हणाली. आठवतं. ते चित्र सफेदी करून पुसलं, आणि त्याला कसलाही दर्जा मिळाला नाही.

तिथून सोहोतल्या एका रेकॉर्डच्या दुकानात शिरलो. मला एक तबकडी नुसती बघायला मिळाली तर हवी होती, पण अर्थातच ती तिथे नव्हती. तिची गोष्ट अशी. मार्च १९७७ मध्ये ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीने पिस्टल्सना बकिंगहॅम पॅलेसच्या बाहेर टेबल मांडून करारबद्ध केलं. 'गॉड सेव्ह द क्वीन'च्या सुमारे २५,००० प्रती छापून झाल्या. आणि सहा दिवसांत कंपनीने घाबरून करार मोडला, माल नष्ट करायला लावला. त्यातून वाचलेली एखादी प्रत आज लिलावात दहा हजार पौंडांच्या वर जाते. मे महिन्यात तेच गाणं व्हर्जिन या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीने काढलं, बीबीसीने त्यावर बंदी घातली, तरी ते राणीच्या ज्युबिलीच्या, म्हणजे राज्यारोहणाच्या पंचविशीच्या, आठवड्यात विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. गाणं तेच, शब्द तेच, पण व्हर्जिनची प्रत कुणीही सहज घेऊ शकतं. किंमत आहे ती चुरा होण्यातून निसटलेल्या तबकडीची. काउंटरवरचा पांढऱ्या दाढीचा माणूस म्हणाला की महिन्यातून एकदा तरी कुणीतरी नकली प्रत घेऊन येतो, आणि 'खरी आहे' असं ऐकायची त्याची तयारी बघून वाईट वाटतं.

मावशीला ज्युबिली लख्ख आठवत होती. "७ जूनला आमच्या गल्लीत टेबलं लावली होती. मी बटाटेवडे केले होते. शेजारच्या बाईने चार खाल्ले आणि विचारलं, आत काय आहे?" त्याच दिवशी थेम्सवर 'क्वीन एलिझाबेथ' नावाच्या बोटीवर पिस्टल्सने गोंधळ घातला, पोलिसांनी बोट धक्क्याला लावायला लावून मॅनेजर माल्कम मॅक्लारेनला पकडलं. मावशीच्या गल्लीला त्याचा पत्ता नव्हता.

"पण ती पोरं बघितली होतीस की नाही? रंगवलेले केस, गालात पिन?"

"बघितली की. घाबरायचे मी. केस उभे असोत की तासलेले, आम्हाला सगळे सारखेच. संध्याकाळी ट्यूबच्या डब्यात एकटी बसत नसे."

हे मी कुठल्याच पंकप्रेमी लेखात वाचलं नव्हतं. ते नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचे दिवस होते. मी तिला सांगितलं की ३० एप्रिल १९७८ ला व्हिक्टोरिया पार्कमध्ये वर्णद्वेषाविरुद्ध मोठा जलसा झाला, त्यात क्लॅश हा पंक बँड वाजवत होता, पंक गायिका पॉली स्टायरीन गात होती, तिचे वडील सोमाली होते. मावशीने ऐकून घेतलं. मग मी फोनवर तिला त्या काळातला 'डिस्ट्रॉय' शर्ट दाखवला. हा शर्ट आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे. छातीवर मोठं नाझी स्वस्तिक. ज्यांनी तो घातला त्यांना आईबापांच्या पिढीला डिवचायचं होतं, युद्ध जिंकल्याचा त्यांचा तोरा उतरवायचा होता. मावशीने फोन जवळ धरला, लांब धरला. "पहिल्या दिवाळीला मी उंबऱ्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. तुझ्या काकांनी ऑफिसातून आल्यावर आधी ते पुसलं." एवढं बोलून तिने फोन परत दिला. जलशाची गोष्ट मी पुन्हा काढली नाही.

तर, किंग्ज रोड. १९७१ मध्ये मॅक्लारेन आणि फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूड यांनी या दुकानात बस्तान बसवलं. दर दोन-तीन वर्षांनी पाटी बदलायची. कधी 'लेट इट रॉक', १९७४ ला 'सेक्स', नंतर 'सेडिशनरीज', आणि शेवटी या भागाच्याच नावावरून 'वर्ल्ड्स एन्ड'. लायडनची निवड इथेच झाली. ज्यूकबॉक्सवर गाणं लावलं आणि त्याला बरोबर ओरडायला सांगितलं, झाली परीक्षा. आत जमीन जहाजाच्या डेकसारखी तिरकी आहे. मावशीने माझा दंड घट्ट धरला.

इथले कपडे तेव्हाही स्वस्त नव्हते. साध्या घरातल्या पोरांना ते परवडत नसत. ती जुना शर्ट फाडायची, कचऱ्याच्या पिशवीला भोकं पाडून अंगात घालायची, पिना लावायची. त्यांची छापील पत्रकंही तशीच. मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनाने १९७६ मध्ये 'स्निफिन ग्लू' सुरू केलं, टाइप केलेले, हाताने मथळे लिहिलेले, झेरॉक्स काढलेले कागद. आपल्याकडच्या सायक्लोस्टाइल अनियतकालिकांची आठवण यावी असं. बझकॉक्स या बँडने पाचशे पौंड उधार घेऊन स्वतःची तबकडी स्वतः काढली. आज संग्रहालयात आहेत ते बहुतेक दुकानाचे शर्ट, कारण त्यांना लेबल होतं, पैसे पडले होते, म्हणून कपाटात जपले गेले. फाडलेले शर्ट आयांनी फरशी पुसायला घेतले असणार. माझ्या मते खरं पंक तेच, आणि ते कधीच लिलावात येणार नाही.

दुकानातून खाली नदीकडे चालत गेलो. याच चेल्सीच्या काठाशी २६ नोव्हेंबर २०१६ ला, पिस्टल्सच्या पहिल्या तबकडीला चाळीस वर्षं झाली त्या दिवशी, जो कोरेने बोटीवर पंकच्या वस्तूंची होळी केली. कोरे हा वेस्टवूड आणि मॅक्लारेन यांचाच मुलगा. कपडे, रेकॉर्ड्स, कागदपत्रं. त्याच्या म्हणण्यानुसार ५० लाख पौंडांचा ऐवज. सरकारी पाठिंब्याने शहरभर पंकची चाळिशी साजरी होत होती, त्याचा त्याला संताप आला होता. पंक म्हणजे गतकाळाचे उमाळे नव्हेत, असं तो म्हणाला. आई हजर होती.

मला त्याचा राग समजतो. एक वर्ष आधीच पिस्टल्सची चित्रं क्रेडिट कार्डांवर आली होती. पण ज्याने अंतर्वस्त्रांची कंपनी विकून आधीच पैसा केला, त्याला पेटवणं परवडतं. शिवाय जळालं त्याने उरलेल्यांचा भावच वाढला असणार. ए अँड एमच्या तबकडीचं झालं तसंच.

"विकून कुठल्या शाळेला द्यायचे," मावशी म्हणाली. तेव्हा लंडनमधल्या बऱ्याच जणांनी हेच म्हटलं होतं. "निदान आईचे कपडे तरी ठेवायचे."

बाकावरून उठताना माझ्या झोळीचा पट्टा सुटला. मावशीने काही न बोलता बांगडीला अडकवलेल्या पिनांच्या झुपक्यातली एक काढली. तिच्या हातात त्या मी लहानपणापासून बघते आहे: साडीला, परकराला, नाड्या ओवायला. तिने पट्टा दोनदा दुमडून पिन आरपार लावली. समोरून येणारा, कानात चार वाळ्या असलेला एक म्हातारा गोरा झोळीकडे बघून हसला आणि त्याने अंगठा वर केला.

"ओळखीचा का गं?" मावशीने विचारलं.

बस आली. वरच्या मजल्यावर जायला ती तयार नव्हती, म्हणून खालीच बसलो. हॅरोला घरी पोचून चपला काढतोय, तेवढ्यात ती म्हणाली, "आधी ती पिन दे इकडे. मोठी आहे, निऱ्यांना लागते मला. इथे तसली मिळत नाही."