गठ्ठा फोडणाऱ्यांना आवरा

अमेरिकेतल्या जुन्या बाजारांत एक उद्योग राजरोस चालतो. एखाद्या गावातला ऑड फेलोज लॉज बंद पडतो (हे राहायचं लॉज नव्हे, बंधुमंडळाची शाखा), वरच्या मजल्यावरचं कपाट रिकामं होतं आणि सुतळीने बांधलेला पावत्यांचा गठ्ठा विक्रेत्याच्या हाती लागतो. तो आधी सुतळी कापतो. ज्यांवर मंडळाची चिन्हं, म्हणजे तीन कड्यांची साखळी किंवा डोळा, छापलीत त्या पावत्या वेगळ्या, झोकदार सही असलेल्या वेगळ्या, उरलेल्या 'हस्तकलेसाठी जुना कागद' म्हणून किलोच्या भावात. सुट्या विकून जास्त पैसे सुटतात, हे कळतं. पण त्या गठ्ठ्याला काही अर्थ होता तो क्रमामुळेच.

इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ ऑड फेलोज अमेरिकेत १८१९ साली बाल्टिमोरमध्ये थॉमस वाइल्डीने सुरू केली. आजाऱ्याला भेटा, अडलेल्याला मदत करा, मेलेल्याला मूठमाती द्या, पोरक्यांना शिकवा, ही त्यांची आज्ञा. गुप्त विधी, पडदे, सांगाडे हे सगळं होतंच, पण कागदांत दिसतो तो विमा. सरकारी आधार नव्हता त्या काळात माणूस वर्गणी भरायचा आणि आजारी पडला की लॉजकडून दर आठवड्याला पैसे घ्यायचा. म्हणून अखंड गठ्ठ्यात एकाच माणसाच्या वर्गणीच्या पावत्या, भेट देऊन आलेल्या समितीची चिठ्ठी, आजारभत्त्याचं व्हाउचर, क्वचित अंत्यविधीचं बिल आणि त्यामागे विधवेने पैसे मिळाल्याची दिलेली सही, असं ओळीने सापडतं. सुटी केलीत तर ती विधवा कोणाची, हेही कळत नाही.

एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेनच्या नोटिसा याहून बोलक्या. १८६८ साली पेनसिल्व्हेनियातल्या मेडव्हिलमध्ये जॉन जॉर्डन अपचर्चने काढलेली ही संस्था. सभासद गेला की बाकीच्यांनी प्रत्येकी १ डॉलर द्यायचा, कुटुंबाला २,००० डॉलर पोचवायचे. नोटिशीवर बऱ्याचदा मृतांची नावं, वय, मृत्यूचं कारण छापलेलं असतं. दहा-पंधरा वर्षांच्या नोटिसा सलग लावल्या की ही पद्धत का लंगडत गेली ते दिसतं: सभासद म्हातारे होत गेले, मागण्या वाढत गेल्या आणि तरुणांनी पाठ फिरवली. एक नोटीस फ्रेम करून भिंतीवर लावणाऱ्याला यातलं काय कळणार?

कागदांवरचं साल वाचण्यात मात्र आपण मराठी माणसं अमेरिकन विक्रेत्यांच्या चार पावलं पुढे. शकात ७८ मिळवायची सवय असलेल्याला फ्रीमेसन या बंधुमंडळाचं 'ए. एल. ५९०२' हे साल अवघड जात नाही. ४००० वजा करा, १९०२. फ्रीमेसनांच्याच उपशाखांपैकी रॉयल आर्चवाल्यांच्या 'ए. आय.' सालातून ५३० वजा करायचे, नाइट्स टेम्पलरच्या 'ए. ओ.' सालात १११८ मिळवायचे. रेड मेन या आणखी एका बंधुमंडळाची कालगणना १४९२ पासून, म्हणजे कोलंबसाच्या सालापासून, आणि महिन्यांऐवजी चंद्र: कोल्ड मून, स्नो मून वगैरे. छापील '१८' खोडून हाताने '१९' केलेले कोरे फॉर्म नेहमी भेटतात. जुना साठा वर्षानुवर्षं वापरत. तेव्हा छपाईवर नव्हे, शाईने लिहिलेल्या तारखेवर विश्वास ठेवा. लॉजच्या क्रमांकासोबत राज्याचं नाव टिपा. ऑड फेलोजचा क्रमांक ४५ एका राज्यात आहे तसा दुसऱ्यातही असतो. नाव पुसट असेल तर टॉर्च आडवा धरा, उठावाचा शिक्का वाचता येतो.

रंगीत सभासद प्रमाणपत्रांत नकला फार. दहापट भिंगाखाली जुन्या क्रोमोलिथोग्राफचे, म्हणजे रंगीत शिळाछापाचे, ठिपके वेडेवाकडे, कमी-जास्त दिसतात. ठरावीक नक्षीत मांडलेले सारख्या अंतराचे ठिपके दिसले तर ती नंतरची ऑफसेट छपाई. अंधारात अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा चकाकला तर तो बहुधा १९५० नंतरचा.

जतनाचे उपाय साधे आहेत, चुका महाग. गठ्ठा सोडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, सोडताना क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा. गंजलेली टाचणी ओढू नका. कागद आणि धातूच्या मध्ये पॉलिएस्टरची पट्टी सरकवून हलक्या हाताने काढा, नाहीच निघाली तर राहू द्या. पाकिटं पॉलिएस्टरची, मायलरसारखी. पीव्हीसीची, म्हणजे वासाची मऊ पाकिटं नकोत. १८७०-८० नंतरचा लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे घडीवरच तुटतो, तो उलगडून पुन्हा घडी घालू नका. जुन्या तपकिरी शाईला पाणी लावू नका. गठ्ठ्यात सभासदांनी छातीवर लावायची फीत सापडली तर उलटून बघा. पुष्कळदा एक बाजू मिरवणुकीसाठी रंगीत, दुसरी अंत्ययात्रेसाठी काळी असते. रेशीम चिरतं, सपाट ठेवा.

'अमेरिकनांनी कसं जपलंय बघा' असं कोणी म्हणालं की मात्र मला बोलावंसं वाटतं. जपलं म्हणजे काय, घरांना तळघर आणि माळा होता, तिथे पडून राहिलं. आणि हे बंधुत्व गोऱ्यांपुरतं होतं. रेड मेन हे नाव घेऊन मिरवणाऱ्यांनी खऱ्या मूलनिवासींना १९७४ पर्यंत दार उघडलं नाही. कृष्णवर्णीयांनी १८४३ साली पीटर ऑग्डेनच्या पुढाकाराने इंग्लंडहून सनद आणून ग्रँड युनायटेड ऑर्डर ऑफ ऑड फेलोज वेगळी उभारली. तिचे कागद आज दुर्मीळ आणि महाग. आपल्या गिरणगावातली गावकरी मंडळं, धोबीतलावातली गोवेकरांची कूड (गाववाल्यांची सामाईक राहायची जागा) हीही एकेका गावापुरतीच होती, मान्य. पण दहा बाय दहाच्या खोलीत, पावसाळ्यातल्या ओलीत माणसंच कशीबशी मावत, पावत्या कुठे मावणार? आणि क्रम राखणं आपल्याला कोणी शिकवायला नको; पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधलेले असत. जुन्नरी कागद तर या लगद्याच्या पावत्यांपेक्षा किती तरी टिकाऊ. मग मी डॉलर मोजून दुसऱ्यांच्या पावत्या का घेते? मी घेतल्या नाहीत तर कोणीतरी त्यांचं कोलाज करणार, म्हणून.

कोणाच्या घरी अशा मंडळाची वही किंवा पावतीपुस्तकं ट्रंकेत असतील तर ती जमिनीपासून उंचावर, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा, पावसाळ्यात सिलिका जेल बदलत राहा. आणि कृपा करून लॅमिनेशनवाल्याकडे नेऊ नका. ते पुन्हा सुटत नाही.