शेवटच्या पानाची शेवटची ओळ

"दादा, साताऱ्यात माझ्या वडिलांचं वर्तमानपत्र होतं. घरात कुणाला पटत नाही. म्हणतात, आबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, मालक कसले!"

सत्तरी ओलांडलेल्या त्या काकू सकाळीच वाचनालयात आल्या होत्या. साप्ताहिकाचं नाव इथं लिहीत नाही, संबंधित घरांतली माणसं अजून गावात आहेत. त्याच्या फायली आमच्या माडीवर आहेत, एवढं मला माहीत होतं.

पहिल्या फाईलची वरची पानं कसरीनं खाल्लेली, तारखा गेलेल्या. पण एका अंकावर किंमत दीड आणा आणि पत्त्यात 'जि. उत्तर सातारा' होतं. सातारा जिल्हा १९४९ साली उत्तर आणि दक्षिण असा विभागला आणि आण्यांच्या जागी नये पैसे १९५७च्या एप्रिलात आले. म्हणजे अंक या दोहोंच्या मधला. काकू सांगत होत्या तो काळ त्यानंतरचा, म्हणून ती फाईल बाजूला ठेवली.

पुढच्या फायलींत मी आधी बातम्या चाळल्या. पत्र विकलं गेलं तर चार ओळी येतीलच, असं वाटलं. दीड तास गेला. गावातल्या प्रत्येक संस्थेचं भांडण छापणाऱ्या त्या पत्रानं स्वतःचा मालक बदलल्याचं वाचकांना एका शब्दानं सांगितलेलं नाही. मला ते फार लागलं. दर आठवड्याला पैसे मोजणाऱ्या वाचकाला ते कळायला हवं होतं.

मग शेवटच्या पानाच्या तळाशी गेलो. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, छापलं कुठं, हे १८६७च्या कायद्यानं छापावंच लागे. जागा बदलली की दंडाधिकाऱ्यापुढं नवं घोषणापत्र. शिवाय १९५६च्या नियमांनी दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन देणं आलं, तोच 'फॉर्म ४'. त्यात मालकांची नावं, आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या भागीदारांचीही. बारीक टायपातला हा चौकोन कुणी वाचत नाही. पण मालकीचा माग काढायला याहून सरळ वाट नाही.

मार्च १९५९ : मालक एकच. मार्च १९६० : दोन नावं, दुसरं आबांचं. छापण्याची जागाही बदललेली, शनिवार पेठेतला घर नंबर.

"हे आमचंच घर," काकू म्हणाल्या. "ओसरीवर ट्रेडल होतं, छपाईचं यंत्र. त्या आवाजात मी पाढे म्हणायची."

१९६१ आणि १९६२लाही आबा भागीदार. १९६३च्या मार्चमध्ये मालक म्हणून तिसराच माणूस, आबा फक्त मुद्रक, छापखाना दुसरीकडं. हिस्सा का सोडला, कितीला सोडला, याचा अंकात मागमूस नाही. काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ट्रेडल बैलगाडीतून नेलं त्या दिवशी आबा जेवले नव्हते."

कागदाचे तुकडे पडत होते, त्यामुळं झेरॉक्स शक्य नव्हती. आबा भागीदार होते त्या तिन्ही वर्षांच्या निवेदनांचे मोबाईलवर फोटो काढून दिले. त्यांना मात्र आणखी एक हवं होतं : मुद्रक म्हणून आबांचं नाव कुठवर आहे? १९७१च्या दिवाळीपर्यंत सापडलं. त्या शेवटच्या अंकावर बोट न टेकवता, वरच्या वर फिरवत, काकूंनी तळाची ती ओळ मोठ्यानं वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचली.