मारुतीच्या नावातला एच

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, मी आणि कामाला दोन पोरं. हायड्रॉलिकवाल्यांचे पिस्टन, बुश टर्निंग करून देतो. गेल्या श्रावणात जुन्या लेथचा बेड पार झिजला म्हणून सहा लाखांच्या कर्जासाठी बँकेत गेलो. फाईल जाडजूड केली होती, खरं साहेबांनी ती उघडलीच नाही. पॅन नंबर घातला, स्क्रीनकडे बघितलं, म्हणाले, "पाटील, सिबिल स्कोअर 641. बसत नाही."

"पंचवीस वर्षं सौहार्द सहकारी सोसायटीमधनं कर्ज उचलतोय साहेब. एक हप्ता चुकला असला तर दाखवा."

"ते इथं दिसत नाही."

इथंच मी पहिल्यांदा गार पडलो. आमच्याकडं गल्लोगल्ली सौहार्द आणि पतसंस्था. माझ्या वडिलांपासून सगळी उधारी तिथलीच. सेक्रेटरी मला चेहऱ्यानं ओळखतो, माझी पत त्याच्या वहीत आहे. पण अशा संस्थांची वही बहुतेक वेळा सिबिलपर्यंत, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीपर्यंत, पोचतच नाही. बँका, फायनान्स कंपन्या, क्रेडिट कार्डवाले यांची पोचते. बायकांच्या गटाचं मायक्रोफायनान्सचं कर्जसुद्धा पोचतं, कारण घरातले सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि कंपनीला ते आधी तपासावं लागतं. म्हणजे जिथं मी चोख, तिथलं कुणाला दिसत नाही.

मी साहेबांकडं माझ्या सिबिल रिपोर्टची प्रत मागितली. जरा कुरकुरले, पण दिली. क्रेडिट माहिती कंपन्यांच्या 2005 च्या कायद्यानं द्यावीच लागते. आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं या सगळ्याला सिबिल म्हणतो, पण अशा कंपन्या चार आहेत: सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. 2017 पासून चौघींकडनंही वर्षातनं एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आपला आपण बघितला तर स्कोअर कमी होत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, भीतीनं कधी बघितलाच नव्हता.

रात्री जेवण झाल्यावर चष्मा लावून बसलो. दर महिन्याला एक चौकोन, वेळेत भरलं तर त्यात 000, थकलं तर तितक्या दिवसांचा आकडा. माझ्या नावावर एक मोबाईलचं कर्ज, अठरा हजारांचं. चौकोनात 030, मग 060, मग 090 च्या पुढं. तो मोबाईल मी आयुष्यात बघितलेला नाही.

उलगडा मुलीनं केला. आमच्या येळ्ळूर गावात मारुती पाटील म्हणून हाक मारली तर चौघं वळतील. त्यातल्या दोघांची जन्मतारीख 1 जून, कारण शाळेत घालताना मास्तरांनी सगळ्यांनाच 1 जून लावली. नाव तेच, गाव तेच, तारीख तीच. कुठल्यातरी फायनान्सवाल्याकडनं त्या मारुतीची थकबाकी माझ्या पानावर येऊन पडली.

आणि माझं 2012 चं मोटारसायकलचं कर्ज, जे मी मुदतीआधी फेडलं, ते कुठंच नाही! तेव्हा पॅन नव्हतं, मतदार कार्ड दिलं होतं. कर्नाटकात इंग्रजी लिहिताना 'त'ला टी-एच लावतात, म्हणून त्या कार्डावर मी एच घातलेला मारुती. पॅन कार्डावर बिनएचचा. आधारवर परत एच. चांगला मारुती वेगळ्या फाईलीत राहिला आणि बुडवा माझ्यात आला.

शेवटच्या पानावर चौकशांची यादी असते, म्हणजे कुणीकुणी डोकावलं ती. एका महिन्यात तीन नावं बघून मी बायकोला हाक मारली. दिवाळीआधी खडे बाजारात फ्रिज बघायला गेलो होतो. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, नुसतं लिमिट बघूया की," आणि मी ओटीपी सांगितला. फ्रिज घेतला नाही, खरं त्या नुसत्या बघण्याचे तीन शिक्के उमटले. पुढं बघणाऱ्या बँकेला वाटणार, हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय.

आणि बँकाच बघतात असं नाही. नियमांप्रमाणं विमा कंपन्या, मोबाईल कंपन्याही बघू शकतात. भाचा बँकेच्या परीक्षांची तयारी करतो. स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं की कर्ज थकवलेला किंवा सिबिल खराब असलेला आणि नेमणुकीचं पत्र निघेपर्यंत थकबाकी न मिटवलेला उमेदवार चालणार नाही. 2025 मध्ये मद्रास हायकोर्टानंही अशी अट उचलून धरली. त्याच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे, आणि नोकरी लागल्याशिवाय ते फिटणार कसं, हे कुणी विचारत नाही. मला हे पटत नाही. तरी त्याला म्हटलं, हप्ता चुकवू नकोस.

तक्रार ऑनलाईन केली. सिबिल आपल्या मनानं खोडत नाही, ज्यानं कर्ज दिलं त्याला विचारते. एकूण 30 दिवसांची मुदत, त्यापुढं दिवसाला 100 रुपये भरपाई, हा नियम एप्रिल 2024 पासून आहे. माझं काम 41 व्या दिवशी झालं. मागे लागल्यावर अकराशे रुपये खात्यावर आले. त्यातनं वर्कशॉपमधल्या पोरांना कुंदा आणला.

मोटारसायकलचं खातं अजून जोडलेलं नाही. त्यासाठी आधी नाव एक करा म्हणाले. म्हणून परवा आधार केंद्रात गेलो. टोकन 57. काउंटरवरच्या पोरीनं जुनं कार्ड बघितलं, पॅन बघितलं आणि बोट कीबोर्डवर ठेवूनच, एच पाहिजे का नको, असं कन्नडमधनं विचारलं, "सर, एच बेकेन्री, ब्याडा?"

"ब्याड्री," म्हटलं.